आई सकाळी फिरायला जाते

सुनेच्या स्लिपरच्या तळाला एक गोल तपकिरी स्टिकर चिकटलेला. शर्टाच्या बटणाहून लहान, एका बाजूने जीभ बाहेर काढलेला.

खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी हल्ली झाडूच्या दांड्याने छत ठोकलेलं नाही.

लेकीने बापाला मिठी मारली. कुठूनतरी बारीक शीळ आली. लेक म्हणाली, "छाती दाखवायला हवी."

स्पीकर मेला. नवा आणला. तोही मेला. पण सकाळी थोडा वेळ जिवंत असतो.

थंडी नाही. तरी म्हातारा घरात कानटोपी काढत नाही.

आई सकाळी फिरायला जाते.

आई वारली, त्यानंतर ऋतू बदलला.

कपाटात हिरवी फाइल नाही.

यातली फक्त शेवटची गोष्ट त्या घरातल्या माणसांना चोरी वाटली.

*उपकरण शोधत आहे…*

"तू घेतलीस."

"दादा, तोंड सांभाळ. ती फाइल हिरवी आहे हेसुद्धा मला आज कळतंय."

"मग काय पाय फुटले तिला?"

थोरला कपाटासमोर उकिडवा बसला होता. कपाटातलं सगळं जमिनीवर आलं होतं: जुनी बिलं, क्ष-किरणाचे फोटो, आईच्या शिवणयंत्राचं माहितीपत्रक. घराचे मूळ कागद असलेली फाइल तेवढी नव्हती. सून कॉम्प्युटरपाशी उभी होती. हा कॉम्प्युटर आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर ठेवलेला, त्यामुळे खुर्ची सरकवली की पायाला अजून यंत्राचं पायडल लागायचं. धाकटी, म्हणजे थोरल्याची बहीण, दुसऱ्या गावाहून याच कामासाठी आली होती आणि आल्याचा पश्चात्ताप करत होती.

"परवा सही घ्यायची आहे," थोरला म्हणाला. "गिऱ्हाईक थांबणार नाही. फाइल ज्याने घेतली त्याने ती मुकाट्याने टेबलावर ठेवावी. मी पाठ करतो."

त्याने खरोखर पाठ केली. कुणी हललं नाही.

तेवढ्यात दार उघडून बाबा आले. सकाळचा फेरफटका झाला होता. त्यांनी काठी कोपऱ्यात लावली, चपला काढल्या, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र उघडून त्याच्या आड गेले. त्यांचं सगळं आयुष्य वर्तमानपत्राच्या छापखान्यात, धडधडणाऱ्या मशीनच्या शेजारी गेलं होतं. कान त्या मशीनने खाल्ले होते. कानाचं मशीन घ्या म्हणून आईने सांगून पाहिलं, तर उत्तर ठरलेलं: "मला सगळं ऐकू येतं. तुम्हीच पुटपुटता."

त्यामुळे त्यांच्यासमोर काहीही बोलायची त्या घराला सवय होती. बोलणाऱ्यांना ते खुर्चीसारखे वाटायचे.

"बाबांना काही कळलं नाही ना?" धाकटीने विचारलं.

"त्यांना काय कळणार!" थोरला म्हणाला. "त्यांना काल गॅसवर दूध उतू गेलेलं कळलं नाही."

 सून पडद्याकडे बघत होती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक निळी पट्टी अलगद सरकत आत आली. तिच्यावर लिहिलं होतं:

‘आई’ जोडले गेले.

सुनेच्या हातातला कप फरशीवर फुटला. थोरला आणि धाकटी एकदम वळले. तिघांनीही वाचलं. पट्टी थोडा वेळ थांबली, आणि आली तशी निघून गेली.

बाबांनी पान उलटलं.

"कोण जोडलं गेलं?" धाकटीचा आवाज चिरकला.

"रोज येते ही पट्टी," सून म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मी कुणाला बोलले नाही. तुम्ही वेडी म्हणाला असता."

"आईचा फोन असेल," थोरला म्हणाला. "कुणीतरी आईचा फोन चालू केलाय."

आईचा फोन आतल्या खोलीत, लॉकरमध्ये होता. किल्ली थोरल्याच्या खिशात होती. त्याने लॉकर उघडला. फोन तिथेच होता, त्याच रुमालात गुंडाळलेला. त्याने बटण दाबून धरलं. काहीच झालं नाही. फोन केव्हाचा मेलेला होता.

*जोडणी अयशस्वी*

मावशीला बोलावलं, कारण पोलिसांना बोलावता येत नव्हतं. पोलीस पहिला प्रश्न विचारतील: फाइल कशाला हवी होती?

मावशी ही आईची धाकटी बहीण. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात तिचं नोकरीचं आयुष्य गेलं. जळलेली दुकानं, चोरीला गेलेल्या गाड्या, कमरेत उसण भरलेले पहिलवान, सगळे तिने पाहिले होते. निवृत्त झाल्यापासून ती शब्दकोडी सोडवायची आणि ती फार सोपी असतात म्हणून संपादकांना रागावायची.

आल्या आल्या तिची नजर सुनेच्या पायांकडे गेली. "पाय वर कर गं." तिने स्लिपरच्या तळाचा तपकिरी स्टिकर नखाने सोलला, उजेडात धरला, आणि काही न बोलता आपल्या चष्म्याच्या घरात ठेवून दिला. मग एकेकाला आतल्या खोलीत बोलावलं.

तिचे प्रश्न इथे देत नाही. उत्तरांवरून ते कळतात.

थोरला:

"बाहेरचा चोर नाही, मावशी. कुलूप शाबूत आहे. किल्ली आईच्या सुयादोऱ्याच्या डब्यात असते. घरच्यांनाच ठाऊक."

"मी, ही, धाकटी. आणि बाबा. पण बाबा सोडून दे."

"कारण त्यांना माहीतच नाही म्हणून! …घर विकतोय आम्ही. तुला सांगणारच होतो."

"करतील की सही. पेन्शनचा कागद आहे म्हणून सांगायचं ठरलंय."

"अशी बघू नकोस माझ्याकडे. समजावून सांगायचं म्हटलं तर ओरडून सांगावं लागतं, मग अख्खी इमारत ऐकते."

"माझ्याकडेच राहणार ना ते, नव्या घरी. म्हणजे तिथली सगळी सोय झाली की."

"स्पीकरचं काय मध्येच? …हो, एका माणसाशी व्हिडिओवर बोलायचं होतं, गेल्या आठवड्यात. तो नुसता तोंड हलवतोय, आवाजाचा पत्ता नाही. मी म्हटलं, साहेब, ऐकू येत नाही, मेसेज करा. त्याला माझं ऐकू जात होतं की नाही देव जाणे. गडी आपला बोलतोच आहे."

"असाच एक माणूस. कामाचा."

"हो, बाबा होते खोलीत. पेपर वाचत होते. मावशी, तू फाइल शोधायला आली आहेस की माझी उलटतपासणी घ्यायला?"

धाकटी:

"मी का घेईन? दादा बाबांना सांभाळणार म्हणाला म्हणून तर मी हो म्हटलं. नाहीतर माझा जीव तुटला नसता का?"

"पेन्शनचा कागद? …असं म्हणाला तो? मला म्हणाला होता, बाबांना विचारून सगळं करू."

"नाही गं, रडत नाहीये. बाबांचीच काळजी वाटते. त्यांची छाती वाजते. परवा मिठी मारली तर अशी बारीक शीळ ऐकू आली. आईलापण शेवटची काही वर्षं तसंच व्हायचं. जवळ घेतलं की शीळ."

"हो, अगदी तसाच आवाज. का?"

सून:

"खोटं कशाला बोलू? घर विकायला मी तयार आहे. मग मीच फाइल कशी लपवीन? माझ्याच पायावर धोंडा?"

"हसणार नसाल तर सांगते. आई सकाळी फिरायला जातात."

"बघा, हसलात. पट्टी येते, मावशी. सकाळी येते: ‘आई’ तुटले. मग वर्तमानपत्र वाचायच्या वेळेला परत: ‘आई’ जोडले गेले. जिवंतपणी कधी जिना उतरल्या नाहीत, गुडघ्यांनी छळलं होतं त्यांना. आता रोज जातात."

"भूतबीत मी मानत नव्हते हो. पण कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल?"

"स्पीकर? त्यालाही आईंनीच धरलंय. त्या बाहेर गेल्या की गाणी लावते मी, छान वाजतात. त्या आल्या की बंद."

इथे मावशीचं हसू थांबलं. तिने चष्मा काढून पुसला.

"पोरी," ती म्हणाली, "या घरात डोळे उघडे असलेली तू एकटीच दिसतेस. फक्त जे बघतेस त्याला घाबरतेस."

*जवळपासची उपकरणे*

जिन्यात खालचे मास्तर भेटले. दार उघडं होतं, आणि उघड्या दारात ते आडवे उभे होते, म्हणजे आत कुणाला काही दिसू नये असे. या मास्तरांचं आणि बाबांचं वैर जुनं. बाबांचा टीव्ही इतका मोठा असायचा की बातम्या मास्तरांच्या ताटात पडायच्या. मास्तर झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे. बाबांना ते ऐकू यायचं नाही. मग मास्तर वर येऊन भांडायचे. तेही बाबांना ऐकू यायचं नाही.

"काय मास्तर, झाडू मोडला की काय?" मावशीने विचारलं. "छत ठोकल्याचं ऐकलं नाही."

"गरजच पडत नाही," मास्तर म्हणाले. "तुमच्या भाऊजींना एकदाची सुबुद्धी झाली. हल्ली टीव्ही चालू असतो की नाही, कळतसुद्धा नाही."

"कधीपासून?"

"तुमची बहीण गेली तेव्हापासून." मास्तरांनी नजर खाली घेतली. "तिने जाताजाता समजावलं असेल."

"त्यांना समजावायला ऐकू यायला हवं, मास्तर."

मास्तर काहीतरी बोलणार होते.  त्यांनी घाईघाईने दार लावून घेतलं.

मावशी जिन्याच्या पायरीवर बसली, फोन काढला आणि कानांच्या दवाखान्यात लावला. बहिणीची कानाची मशिनं तिनेच तिथून घेऊन दिली होती.

"कॉम्प्युटरला जोडता येतात का हो ती?"

"येतात की! मीच जोडून दिली होती त्यांना," कान तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "तारबीर काही लागत नाही. लेकीशी व्हिडिओवर बोलायच्या ना त्या, आवाज थेट कानात यावा म्हणून. कॉम्प्युटर नाव विचारतो, तर त्या म्हणाल्या, लेक ‘आई’ म्हणते, तेच टाका. एकदा ओळख करून दिली की झालं. मशीन चालू असेल आणि जवळपास आलं की कॉम्प्युटर आपण होऊन त्याला ओळखतो."

"आणि मग स्पीकर?"

"स्पीकर गप्प. आवाज खोलीत येत नाही, फक्त कानात जातो."

"दुसऱ्या कुणाच्या कानात बसतात?"

"बसतात. दुसऱ्याचा चष्मा घालावा तसं होतं. काम चालतं, पण नीट बसत नाहीत. कानाजवळ काही आलं, हात म्हणा, कुणाचा गाल म्हणा, की शीळ घालतात." बाईंनी दम घेतला. "काही बिघडलं आहे का? परवाच तर बॅटऱ्या नेल्या त्यांच्यासाठी. बऱ्या आहेत ना त्या?"

मावशी पायरीवरून उठली.

"कुणी नेल्या बॅटऱ्या?"

*जोडत आहे…*

दुसऱ्या दिवशी बाबा फिरून आले आणि पेपरच्या आड गेले. मावशीने बाकीच्या तिघांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"मी चहा टाकते. माझा व्हिडिओ कॉल येईल. उचलायचा आणि कुणी काही बोलायचं नाही. आवाज येत नाही म्हणून बोंब मारायची नाही. फक्त बघायचं."

"काय बघायचं?" थोरला म्हणाला. "तुझं तोंड?"

"माझं तोंड बघून आजवर फार लोकांनी गुन्हे कबूल केलेत, बाळा."

ती स्वयंपाकघरात गेली, दार ओढलं, नळ सोडला.

खोलीत: पडद्यावर मावशीचा चेहरा आला. तिचे ओठ हलू लागले. आवाज नाही. थोरल्याने सवयीने स्पीकरवर चापट मारली.

स्वयंपाकघरात: "भाऊजी, मी बोलतेय. दचकू नका आणि मागे वळू नका. ऐकू येत असेल तर पान उलटा."

खोलीत: काही नाही. नळाचा आवाज. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज. मग खिडकीजवळ कागद सळसळला. बाबांनी पान उलटलं होतं. तिघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

स्वयंपाकघरात: फोनमधून ती सळसळ ऐकू आली आणि मावशीने ओट्याला धरलं. तिला हे माहीत होतं, तिने हे तर्काने काढलं होतं, तरीही. "म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत. पेन्शनचं सोंग. सही. सगळं."

खोलीत: पान पुन्हा उलटलं. फार जोरात. सुनेने मान वळवली.

स्वयंपाकघरात: "फाइल तुम्ही घेतलीत. तुमचं घर, तुमची फाइल; याला चोरी म्हणत नाहीत. आता ऐका. आयुष्यभर खोटे दावे पकडले मी. एक सोडून दिला तर आकाश कोसळणार नाही. गप्प राहायचं असेल तर वाचत राहा. मी बाहेर येऊन सांगेन की मला काही सापडलं नाही. नाक कापून घेईन, हरकत नाही. बोलायचं असेल तर पेपरची घडी घाला."

खोलीत: सून आता एकटक खिडकीकडे बघत होती. पडद्यावरची मावशी गप्प झाली होती, आणि बाबाही स्तब्ध होते. सुनेने पडद्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

वर्तमानपत्र खाली आलं. बाबांनी त्याची मधून घडी घातली, मग आणखी एक, छापखान्यात घालायचे तशी, कडेला कड लावून. ते मांडीवर ठेवलं. मग दोन्ही हात कानांशी नेले आणि कानटोपी काढली.

शीळ वाजली. बारीक, उंच, दोन्ही बाजूंनी.

"हीच ती!" धाकटी किंचाळली. "हीच ती शीळ!"

बाबांच्या दोन्ही कानांमागे आईची कानाची मशिनं होती.

*जोडले गेले*

मावशी चहा न आणता बाहेर आली. थोरला उठून उभा राहिला होता आणि खुर्ची त्याच्या मागे पडली होती.

"बाबांना ऐकू येतं?" तो म्हणाला. प्रश्न त्याने मावशीला विचारला. अजूनही.

"तू जी पट्टी बघून घाबरलास ना," मावशी म्हणाली, "ती खरंच बोलत होती. तुझ्या आईची मशिनं कॉम्प्युटरला जोडलेली होती. ती गेली, पण ओळख कुणी पुसली नाही. भाऊजी घरात आले की मशिनं घरात येतात. भाऊजी फिरायला गेले की ‘आई’ फिरायला जाते. स्पीकर कधीच बिघडला नव्हता. त्याचा आवाज यांच्या कानात जात होता." तिने चष्म्याच्या घरातून स्टिकर काढून टेबलावर ठेवला. "बॅटरी घालण्याआधी हा सोलतात. माझी बहीण घरभर चिकटवून ठेवायची. ती नाही, तर हा ताजा कुठून आला? टीव्ही बारीक झाला, कानटोपी आली, शीळ आली. धाकटे, नवरा-बायकोला एकच दमा होत नाही गं. आणि काल त्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं: कानटोपी घातलेले एक आजोबा येऊन ‘बायकोसाठी’ म्हणून बॅटऱ्या घेऊन गेले."

"पण आम्ही यांच्यासमोर…" सून थांबली. तिने काय काय बोलून झालं होतं ते आठवून पाहिलं असावं. तिने डोळे मिटले.

"हो," बाबा म्हणाले. "समोरच."

सगळे दचकले. शब्दामुळे नाही. बाबा नेहमी ओरडून बोलायचे, बहिरी माणसं बोलतात तसे. आज त्यांचा आवाज हळू होता. इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात, हे त्यांच्या मुलांना ठाऊक नव्हतं.

"बाबा, मी सांगणारच होतो तुम्हाला," थोरला म्हणाला. "घर विकल्यावर तुम्ही माझ्याकडेच…"

"तो माणूस काय बोलला, ते तुला कळलं का रे?"

"कोण माणूस?"

"तोंड हलवणारा. गेल्या आठवड्यातला. तुला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं."

थोरल्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. सगळ्यांनी ते पाहिलं.

"वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक होता तो," बाबा म्हणाले. "चांगला माणूस वाटला. म्हणाला, ‘कॉट तयार आहे. आजोबांना जवळचं कुणी नाही म्हणालात, फार वाईट वाटलं. आजकाल शेजाऱ्यासाठी एवढं कोण करतं? तुमच्यासारखे शेजारी मिळायला भाग्य लागतं.’"

नळ अजून वाहत होता. कुणी उठलं नाही.

"शेजारी?" धाकटी म्हणाली. "दादा, कोण शेजारी?"

थोरल्याने पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

"मला म्हणालास नव्या घरात खिडकीजवळची खोली देणार! पडद्याचा रंगसुद्धा विचारलास मला! पडद्याचा रंग, दादा!"

"मुलगा म्हणून सांगायला जीभ रेटेना," थोरला म्हणाला. तो जमिनीशी बोलत होता. "त्याने विचारलं, तुम्ही कोण त्यांचे? तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर परत कसं घेणार?"

सून उभी राहिली. ती या खेळात सामील होती आणि तिला ते माहीत होतं. पण हे तिला माहीत नव्हतं. "मलापण सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "मी नुसतं मोठं घर मागितलं होतं. उद्याच्या सहीला मी येणार नाही. आणि तूही जाणार नाहीस."

"फाइलच नाही, तर सही कसली!" मावशी म्हणाली. "भाऊजी, एवढं एकच मला सुटलेलं नाही. अंदाज आहे, पण खात्री नाही. कुठे ठेवलीत?"

बाबा पहिल्यांदा किंचित हसले. "तुला? विमा कंपनीतली वाघीण तू, मेहुणीबाई."

"मास्तर दारात आडवे का उभे होते?"

"शेजाऱ्याकडे ठेवली," बाबा म्हणाले. "खऱ्या."

थोरला मटकन खाली बसला, विखुरलेल्या बिलांमध्ये.

"जन्मभर भांडलो त्याच्याशी," बाबा म्हणाले. "परवा त्याच्या दारात गेलो. म्हटलं, मास्तर, मला ऐकू येतं, कुणाला सांगू नका, आणि ही ठेवून घ्या. त्याने एक शब्द विचारला नाही. पहिल्यांदाच मला त्याचा आवाज ऐकू येत होता, तर गडी गप्प." ते थोरल्याकडे वळले. "तू मागितलं असतंस ना, तर मी दिलं असतं घर. समोर बसून, बाबा, मला हवंय, एवढं म्हणाला असतास तरी पुरे होतं. तेवढा मूर्ख आहे मी. आता नाही देणार. मी इथेच राहीन, या खुर्चीत. तुम्हाला राहायचं तर राहा, पण आता माझ्यासमोर जपून बोलावं लागेल."

 थोरला उठला, माऊस धरला, आणि काहीतरी नीट करावं म्हणून असेल, किंवा हातांना काम हवं म्हणून असेल, जोडलेल्या उपकरणांमध्ये शिरला. तिथे एकच नाव होतं. त्याने त्यावर क्लिक केलं. पडद्याने विचारलं:

‘आई’ हे उपकरण विसरायचे?

हो. नाही.

त्याचा हात तिथेच थांबला. सुनेने पुढे होऊन माऊस त्याच्या हाताखालून काढून घेतला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तुझ्या मावशीशी बोलायला बरं पडतं."

मग त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली. फाइल आणायला नाही. ती आणखी काही दिवस खालीच राहणार होती. मास्तरांना सांगायचं होतं की आता लपवायची गरज उरली नाही, दार सताड उघडं ठेवलं तरी चालेल. त्यांची पावलं जिना उतरत गेली. धाकटी नळ बंद करायला उठली. थोड्या वेळाने निळी पट्टी आली: ‘आई’ तुटले. या वेळी कुणाच्या हातातून काही पडलं नाही. सुनेने स्पीकरकडे पाहिलं, पण गाणं लावलं नाही.

शेवटच्या दिवशी इस्पितळात आईने आपल्या कानांतली मशिनं काढून स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या कानांत बसवली, आणि मग बराच वेळ ती एकटीच बोलत होती.